डोळे मिटून चाखणारी

उदगीरच्या आमच्या मसाल्याच्या कारखान्यात नवा माल बाजारात जाण्याआधी गिऱ्हाइकांना चाखायला देतात. चव त्यांनी आपल्याच शब्दांत सांगायची आणि मी ती जशीच्या तशी लिहायची, हा नियम. बाकीचे 'झक्कास' म्हणून चहाकडे वळतात. जळकोटची एक मावशी मात्र चमचा जिभेवर ठेवून डोळे मिटते, आणि मी लगेच खुर्ची पुढे ओढतो.

"हे बंद शाळेवानी लागतंय," ती म्हणते. एकदा म्हणाली, "भाजणारी बाई भांडून राहिली ह्यात." चौकशी केली, तर त्या दिवशी भट्टीवर खरंच कडाक्याचं भांडण झालेलं!

मागच्या महिन्यात मला खोडी सुचली. आईनं मरण्याआधी केलेल्या येसर मसाल्याचा एकच डबा माझ्याकडे उरलाय. त्याचा वास गेला की आईही गेली, इतका मी त्याला जपतो. त्यातला चमचाभर येसर सकाळी घाईघाईनं पुडीत बांधून आणला आणि नमुन्यांच्या वाट्यांत गुपचूप ठेवला.

मावशीनं चाखला. बराच वेळ तिनं डोळे उघडले नाहीत.

"काय लागतंय, मावशी?"

"ही बाई लई चिडली हाय, सायेब. झाकण नीट लाव म्हणून राहिली."

मी सगळ्यांना ऐकू जाईल असा हसलो आणि वहीत तेच वाक्य लिहिलं. दुपारी जेवायला घरी गेलो. फळीवर डबा उघडाच होता.