उभा राहिलेला नारळ

हे मी बायकोलाही ती जाईपर्यंत कधी सांगितलं नाही. आज तुम्हाला सांगतो. शाळा दुसरीपर्यंत झाली, जमेल तसं लिहितो.

नेरळच्या सभेत मी भर मंचावर पक्षाची टोपी काढून टेबलावर ठेवली, हे तालुक्यात अजून सांगतात. "बौद्धवाडीला मंजूर झालेली विहीर साहेबांनी भावाच्या शेतात नेली. असल्या पक्षात मी ऱ्हाणार नाय!" — केवढ्या टाळ्या! साहेब म्हणजे आमच्या पक्षाचे तालुक्यातले पुढारी, मंचावरच बसलेले. ते रागावले नाहीत. माझ्याकडं बघून नुसते हसले. का हसले? ते मला एकट्यालाच कळलं.

मी पंचायत समितीचा सभासद, पण त्याच्या आधीपासून पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून चालायचं. खाली पाणी असलं की तो उभा राहतो. माझा नारळ कधी चुकला नाही — त्याचा ताठा आजही आहे, लपवत नाही.

ही सभेच्या आधीची गोष्ट. विहिरीची जागा बघायला मी बौद्धवाडीत गेलो, त्याच्या आदल्या दिवशी साहेबांनी बोलावून घेतलं. "तिथं पाणी नाय, एवढं तुझ्या तोंडून येऊ दे. पुढच्या खेपेला सभापती तूच."

वाडीतला सखाराम माझ्या बरोबरीचा. सोबत चालताना म्हणाला, "अण्णा, धर्म घेतल्यापासनं आमी नारळाला मानत नाय. तुमाला मानतो." मी हसलो. आणि — कसं सांगू? — उंबराच्या अलीकडं नारळ उभा राहिला. सखाराम दुसरीकडं बघत होता. मी अंगठ्यानं नारळ आडवा केला. म्हटलं, "पाणी नाय रं हितं."

धमकी नव्हती, जबरदस्ती नव्हती. नुसता अंगठा.

पुढं वाडीतल्या बायका साहेबांच्या भावाच्या विहिरीवरून रिकामे हंडे घेऊन ओढ्याला जायच्या — तिथं त्यांना भरू देत नव्हते. ते बघवेना म्हणून पक्ष सोडला, हे खरं. पण सभेत मी साहेबांचं पाप सांगितलं, माझं गिळलं. सभापती झालो नाही, मोठा माणूस मात्र झालो. वाडीनं सत्कार केला. पहिला हार सखारामनं घातला. मी मान पुढं केली.

सखाराम आता नाही. वाडीनं पदरचे पैसे घालून दुसरीकडं खणून बघितलं, कातळ लागला. उंबरापाशी कुणी कुदळ मारली नाही. कशाला मारतील? अण्णांनी सांगितलं होतं ना.

उंबराच्या अलीकडं, बांधाला लागून — तिथं पाणी आहे.