एडमंडचे तीन अर्ज

त्र्याण्णवच्या ऑगस्टमध्ये मी निघाले, तेव्हा आमची अर्धी वस्ती दोन मेटाडोर भरून नागपूरच्या विमानतळावर आली होती. विहारातल्या मंडळींनी इतके हार घातले की ते काढून कुणाकडे द्यावेत हेच मला सुचेना. बाबा पोस्टात सॉर्टिंगचं काम करायचे, एरवी अगदी मोजकं बोलणारा माणूस. त्या दिवशी मात्र ते भेटेल त्याला सांगत होते, "पोरगी डॉक्टर होऊन येते. औषधाची नाही, आकड्यांची." आई म्हणाली, "थंडीत डोकं झाकत जा." एवढंच. बाकीचं तिने डोळ्यांनी सांगितलं आणि मी ते न बघितल्यासारखं केलं.

नॉर्थ कॅरोलायनातल्या युनिव्हर्सिटीत मला स्टॅटिस्टिक्सच्या पीएच.डी.साठी असिस्टंटशिप मिळाली होती. पहिलं वर्ष तीन मुलींबरोबर एका अपार्टमेंटमध्ये काढलं. मग डिपार्टमेंटच्या बोर्डावर एक चिठ्ठी दिसली: कॅरीमध्ये एका वृद्ध बाईंच्या घरी खोली, बदल्यात दर शनिवारी सकाळी दोन तास वाचून दाखवायचं. खाली लिहिलं होतं, जुनं हस्ताक्षर लागायला हवं. पोस्टातल्या माणसाच्या मुलीला हस्ताक्षराची काय भीती? मी फोन केला.

बाईंचं नाव मार्गारेट. मूळच्या इंग्लंडच्या, दुसऱ्या महायुद्धात एका अमेरिकन सैनिकाशी लग्न करून इकडे आलेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा लांब ओरेगनला. डोळ्यांच्या आजाराने त्यांना आता फक्त कडेकडेचं दिसायचं. "मला मार्गारेट म्हण," असं त्यांनी सांगितलं, पण सत्तरी ओलांडलेल्या बाईला नुसतं नावाने हाक मारणं माझ्या जिभेला जमेना. शेजारपाजारचे त्यांना 'मिस मार्गारेट' म्हणत. तेच मी उचललं.

वाचायची होती त्यांच्या वडिलांची पत्रं. एडमंड त्यांचं नाव, ब्रिटिश आरमारात अधिकारी. बुटांच्या सात खोक्यांत वर्षांप्रमाणे लावलेली पत्रं होती. आयुष्यात समुद्र मी मुंबईत एकदा आणि विमानातून एकदा पाहिलेला, पण त्या हिवाळ्यात मी एडमंडबरोबर जग फिरले. तेराव्या वर्षी तो आरमाराच्या शाळेत गेला. आईला लिहिलेल्या पहिल्या पत्रात त्याने एवढंच कळवलं होतं की सगळे मोजे सापडले आणि रडू एकदाच आलं. मग चीनचा किनारा, मग इराणच्या आखातात एका छोट्या गनबोटीवर चोरट्या बंदुका नेणारी गलबतं अडवणं. एका उन्हाळ्यात बोट दुरुस्तीला मुंबईच्या गोदीत होती. त्याने लिहिलं होतं की बायका डोक्यावर टोपल्या घेऊन फळीवरून चढतात आणि दिवसभर बोटीत कोळसा भरतात, इतक्या कणखर बायका आपण कुठे पाहिल्या नाहीत. नाव अर्थातच एकीचंही नव्हतं. मी जरा थांबले.

"तुझी माणसं?" मिस मार्गारेटनी विचारलं.

"असतील," मी म्हणाले आणि पुढे वाचू लागले.

पहिलं महायुद्ध त्याने उत्तर समुद्रात एका विनाशिकेवर काढलं, शेवटी शेवटी तिचा प्रमुख म्हणून. आणि नंतर एकदम शांतता. डेव्हनमधलं एक खेडं, कोंबड्या, भाजीचा वाफा. ही गोष्ट मिस मार्गारेटनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितली होती. "माझा जन्म झाला आणि डॅडींनी समुद्र सोडला. माझ्यासाठी." हे सांगताना त्यांचा आवाज हळू व्हायचा. मला वाटायचं, तो अभिमान आहे.

पंचाण्णवच्या मे महिन्यात मी क्वालिफाइंग एक्झाम, म्हणजे पीएच.डी. पुढे चालू ठेवायला पास व्हावीच लागते ती परीक्षा, दुसऱ्यांदा फेल झाले. तिसरा चान्स नसतो. ॲडव्हायझरने दार लावून घेतलं, खुर्ची पुढे केली आणि सभ्यपणे सांगितलं की मास्टर्स घेऊन बाहेर पडता येईल. मी थँक यू म्हणून बाहेर आले. घरी दर रविवारी फोन व्हायचा. मी गेल्यावर बाबांनी घरात फोन घेतला होता. त्या रविवारी मी म्हणाले, "चाललंय चांगलं." पुढच्या रविवारीही तेच. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून आलात त्यांना हे वाक्य माहीत असेल. ते म्हणायला काही लागत नाही, आणि एकदा म्हटलं की दर आठवड्याला म्हणावं लागतं.

जूनच्या शेवटी आम्ही शेवटच्या खोक्याशी आलो. ते मिस मार्गारेटनी कधी उघडलं नव्हतं, आणि त्यात घरची पत्रं नव्हती. आरमाराच्या मुख्य कचेरीला केलेल्या तीन अर्जांच्या नकला होत्या आणि वर कचेरीचं एक छापील पत्र. युद्धानंतर आरमार लहान करायचं ठरलं होतं, अधिकारी कमी करायचे होते आणि त्यांत एडमंडचं नाव होतं. त्याने काही सोडलं नव्हतं. त्याला काढलं होतं. तिसऱ्या अर्जात त्याने लिहिलं होतं: समुद्रावर किंवा किनाऱ्यावर, कुठलंही काम द्या. मला पत्नी आहे, तान्ही मुलगी आहे, पण मला दुसरं काही येत नाही आणि घरात बसवत नाही.

हे सगळं मी मनात वाचलं. मोठ्याने काहीच वाचलं नाही.

"का थांबलीस?"

"शाई उडाली आहे," मी म्हणाले. "अक्षर लागत नाही."

दुसऱ्या दिवशी रविवार. बाबा फोनवर म्हणाले, "दारावर नवी पाटी लावायची म्हणतो. पेंटरले सांगून ठेवलं. तुझ्या नावाच्या आधी डॉक्टर लिहू ना?" मी म्हणाले, "थांबा थोडं." ते हसले. त्यांना वाटलं, मी लाजले.

पुढच्या शनिवारी चहा ओतल्या ओतल्या मी मिस मार्गारेटना सांगून टाकलं, की शाई उडालेली नाही.

त्या म्हणाल्या, "एक आठवडा. माझ्या वयात आठवडा मोठा असतो." आणि मग, "वाच."

मी तिन्ही अर्ज वाचले. 'घरात बसवत नाही' हेही वाचलं. वाटलं होतं, त्या रडतील.

"म्हणजे मी कारण नव्हते," त्या म्हणाल्या.

"नाही."

"मी सात वर्षांची असताना ते फाटकाशी उभे होते, खाडीकडे बघत. मी जाऊन त्यांची माफी मागितली. म्हटलं, डॅडी, माझ्यामुळे तुमची बोट गेली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गप्प राहिले." त्यांनी कप बशीत ठेवला. "तेव्हा तरी सांगायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी सगळं आयुष्य त्या माणसाची देणेकरी म्हणून काढलं."

मग मी माझं सांगितलं. परीक्षा, दोन्ही वेळा, आणि पाटी. त्यांनी सल्ला दिला नाही, पाठीवर हात ठेवला नाही. म्हणाल्या, "फोन किचनमध्ये आहे."

नागपुरात तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते. बाबांनीच उचलला आणि माझा आवाज ओळखला. "जयभीम. आज शनिवारी कशी काय?"

मी सांगितलं.

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा, बाबा."

"मग आता काय करून राहिली तू?"

आवाजात राग नव्हता, दुःखही मला ऐकू आलं नाही. त्यांना खरोखर उत्तर हवं होतं. ते देता देता मलाच पहिल्यांदा कळलं, की मला इथेच नोकरी बघायची आहे, औषधांच्या चाचण्यांचं काम मला आवडतं, आणि मी संपलेली नाही.

"बरं," बाबा म्हणाले. "आईले मी सांगतो. पेंटरले उद्या नाही म्हणून येतो." मग म्हणाले, "दोन महिने एकटीनंच ओढलं का हे?"

सप्टेंबरमध्ये रिसर्च पार्कमधल्या एका औषध कंपनीत मी लागले. दोन वर्षांनी मिस मार्गारेट मुलाकडे ओरेगनला गेल्या. जाण्यापूर्वी त्यांनी सगळी पत्रं इंग्लंडमधल्या एका संग्रहालयाला दिली, तीन अर्जांसकट. मुलाने फोनवर विचारलं, ते अर्ज कशाला पाठवायचे? त्या म्हणाल्या, "ते नसतील तर बाकीची पत्रं अर्धवट आहेत."

आता नव्याण्णव साल आहे. वीकेंडला मराठी मंडळात कुणी ना कुणी विचारतं, परत जाणार का? मला ठाम उत्तर देता येत नाही. नागपूरची आमची गल्ली आता मला थोडी अनोळखी वाटते, आणि कॅरीतले रस्ते अजून पुरते माझे नाहीत. मध्यंतरी सहा महिने आईबाबा राहून गेले. बाबांना रोज पोस्टाची गाडी येताना बघायला आवडायचं. इथे बाकी गाड्यांत ड्रायव्हर डावीकडे, पण पोस्टाच्या गाडीत उजव्या बाजूला का बसतो, तर न उतरता रस्त्याकडेच्या पेटीत पत्र टाकता यावं म्हणून, हे त्यांनी मला समजावून सांगितलं.

गेल्या महिन्यात सकाळी ऑफिसात मीटिंग झाली. आमचा प्रोजेक्ट कॅन्सल केला, काही लोक जाणार, त्यांत मी असेन की नाही ते अजून ठरलं नाही. डेस्कवर येऊन मी परदेशी फोनसाठीचं कॉलिंग कार्ड काढलं आणि तो लांबलचक नंबर दाबला. मैत्रिणींना नंतर सांगितलं. वाईट बातमी सगळ्यांत आधी जिथे सांगावीशी वाटते, त्याला मी हल्ली घर म्हणते. ते कुठल्या गावात आहे याने फारसा फरक पडत नाही.

आईने फोन उचलला. सगळं ऐकून घेतलं आणि आत हाक मारली, "अहो, या इकडे. तिले सांगायचं आहे काही."