म्हशींनी राखलेला वेल

लंकाबाई भोईण पाण्यावर चालते, असं निफाडकडचे लोक सांगत. चालायची कसली! दोन पालथ्या घागरी बांबूला बांधून ती त्यांवर बसायची आणि हातानं पाणी मागं सारत गावतळ्यातले शिंगाडे खुडायची. नवरा गेल्यावर त्या तळ्यानंच तिची चूल पेटती ठेवली होती.

तिचं वैर एकाच माणसाशी, झुंबर गवळ्याशी. त्याच्या म्हशी तळ्यात डुंबत आणि काठालगतचा वेल तुडवत.

"झुंबर, तुझ्या म्हशींना घरी न्हाणी बांध की."

"बांधतो. पाणी भरायला तू येशील का, लंकाबाई?"

एकोणऐंशीच्या पावसाळ्यात पाटाच्या पाण्यातून जांभळ्या फुलांचं एक रोप तळ्यात आलं. बायकांनी फुलं कौतुकानं देवाला वाहिली. पण त्या जलपर्णीनं वर्षभरात रोपाला रोप चिकटवून अख्खं तळं झाकलं. खाली ऊन पोचेना. कमळं गेली, शेवाळ गेलं, लंकाबाईनं लावलेला शिंगाड्याचा वेल कुजून तळाशी बसला. घरात बियाणंही उरलं नाही. तिनं घागरी पाण्यात लोटल्या, त्या हातभरसुद्धा सरकेनात. ती काठावर बसून राहिली.

"रुसून काय बसली? हिकडं ये," पलीकडून झुंबरनं हाक मारली.

म्हशींच्या रोजच्या डुंबण्यानं तेवढं पाणी मोकळं राहिलं होतं. जलपर्णीला तिथं जम बसवता आला नव्हता. आणि म्हशींच्या पाठीआड, थोडासाच, पण हिरवागार, शिंगाड्याचा वेल तरंगत होता. लंकाबाई चिखलात उतरली. तिनं पानं उलटून पाहिली. देठाशी कोवळे शिंगाडे धरले होते.

"आता घाल शिव्या," झुंबर म्हणाला.

"उरल्या नाय रे भाऊ."

त्या साली तिनं एकही शिंगाडा विकला नाही. सगळे बियाण्यासाठी मडक्यात पाणी घालून जपले. उन्हाळाभर झुंबर म्हशी रोज थोड्या पुढं घाली, आणि तुटलेली जलपर्णी लंकाबाई ओढून लांब माळावर वाळत टाकी. पुढच्या पावसाळ्यात निम्मं तळं उघडं झालं आणि वेल त्यावर पसरला.

पहिली पाटी भरली तेव्हा ती बाजाराची वाट सोडून गोठ्याकडं वळली. झुंबरनं एक शिंगाडा उचलला.

"घरूनच सोलून आणले व्हय? माझे एवढे लाड?"

"तुझे नाय," लंकाबाई म्हणाली, आणि सालीचा काटा एकीच्याही तोंडाला लागू नये म्हणून सोलून आणलेले शिंगाडे एकेका म्हशीपुढं मूठमूठ ठेवत गेली.