टेस्टरच्या ओळीत माझं नाव

"टेस्टरच्या ओळीत तुझं नाव घालतो. तेवढं बास की."

सर असं म्हणाले तेव्हा मीटिंगच्या खोलीत आम्ही आठ जण होतो. सर म्हणजे आमचे टीम लीड. कोल्हापुरातली छोटी कंपनी, नेटवर्कचे बॉक्स बनवणारी. सगळे बसलेले, मी उभी. मी नुकतंच सांगितलं होतं, मेलच्या यादीवर सरांच्या कामासोबत आलेलं ते दुसरं काम माझं आहे. मग सर हसले. म्हणाले, "तुमच्यातबी एवढी हुशार निघाली म्हणायची!" मग सगळेच हसले. चहा घेऊन आलेले मामासुद्धा.

मी मान हलवली. हो म्हणून.

काम काय होतं ते सांगते. संगणक आणि नेटची केबल यांचं जुळवून देणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. आमच्या बॉक्समधल्या चिपचा ड्रायव्हर कोणा एकाच्या मालकीचा नाही. कोणीही त्यात दुरुस्ती करावी, मेलच्या खुल्या यादीवर पाठवावी, जगानं वाचावी, चुका काढाव्यात. केबल काढून परत लावली की आमचे बॉक्स गोठायचे. कितीतरी रविवार मी घरी बसून तो दोष शोधला. तीन दुरुस्त्या पाठवल्या. त्याच आठवड्यात सरांनी कंपनीतर्फे त्याच जागेवर आपली दुरुस्ती पाठवली. हा ड्रायव्हर सांभाळणाऱ्या एक बाई आहेत, परदेशातल्या. त्यांनी दोघांना लिहिलं, दोन्ही घेता येणार नाहीत, आपसात ठरवा आणि एकच पाठवा. ज्यानं जे लिहिलंय त्यावर त्याचं नाव ठेवा. यादीची रीतच ती आहे. लिहिणाऱ्यानं खाली सही करायची, तपासणाऱ्यानं, म्हणजे टेस्टरनं, वेगळ्या ओळीत.

ते दुसरं नाव म्हणजे मी, हे सरांना कळलंच नव्हतं. कारण मी आडनाव गाळलं होतं. चूक माझीच. शिकून नोकरीला लागले तेव्हा शहरात खोली बघत होते. घरमालकीण चांगली हसून बोलत होती. "आडनाव काय म्हणालीस?" मी सांगितलं. "अगं, खोली कालच दिली की." पाटी महिनाभर तशीच लटकत होती. तेव्हापासून जिथं जमेल तिथं मी अर्धीच झाले. यादीवर कोण आडनाव विचारतंय, असं वाटलं होतं. पण अर्ध्या नावाच्या बाईचं काम कोणालाही ढापता येतं, हे डोक्यात आलं नाही.

त्या दिवशी गडमुडशिंगीला घरी गेले. आई शेंगा फोडत बसली होती. आयुष्यभर लोकांच्या रानात तण काढलेली, भांगलण केलेली बाई. तिला सगळं सांगितलं.

"मग तू काय म्हटलंस?"

"काय न्हाय. मान हलवली."

"मान हलवाय शाळंत घातलं नव्हतं तुला."

एवढंच म्हणाली. आणि परत शेंगा फोडायला लागली.

ते हसणं मात्र माझ्या मागं लागलं. बसमध्ये मागच्या सीटवर कोणी हसलं की मी वळून बघायची. टेबलावरच्या बॉक्सचा पंखा घरघरला तरी त्यातून तेच ऐकू यायचं. आठ जणांचं. जेवण जाईना.

शुक्रवारी सरांनी दोन्ही कामं एक करून यादीवर पाठवली. मी उघडून वाचली. माझ्या तिन्ही दुरुस्त्या जशाच्या तशा होत्या. लिहिणारे, सर. खाली तपासणारी म्हणून माझं अर्धं नाव. फक्त त्यातली एक ओळ काढून टाकलेली. केबल परत लावल्यावर चिपला क्षणभर थांबायला सांगणारी ओळ. ती का घातली होती, हे सरांना ठाऊक नव्हतं. विचारलंही नव्हतं.

मी ते बॉक्समध्ये घातलं. केबल काढली, लावली. काढली, लावली. सातव्यांदा बॉक्स गोठला.

म्हणजे माझं काम घेतलंच, वर जे मी तपासलंच नाही, त्याची खोटी साक्षही माझ्याकडून घेतली. इतका संताप मला कधीच आला नव्हता.

यादीवरच उत्तर लिहिलं. "हे मी तपासलेलं नाही. माझं नाव तपासणाऱ्यांतून काढा. या तिन्ही दुरुस्त्या मी लिहिल्या आहेत. एक ओळ काढल्यामुळे सातव्यांदा केबल लावली की बॉक्स गोठतो, नोंद सोबत." खाली सही केली. पूर्ण नाव, आडनावासकट. पाठवलं.

दहा मिनिटांत सरांचा फोन. "घरातलं भांडण रस्त्यावर आणलीस व्हय गं? सांभाळून घेतलं तुला, त्याचं हे?"

"हे काम रस्त्यावरचंच हाय, सर. जग बघतंय म्हणूनच मी हितं बोलू शकले."

त्यांनी फोन ठेवला. सोमवारपासून मला बॉक्स पॅक करायला बसवलंय. परदेशातल्या त्या बाईंचं उत्तर अजून आलेलं नाही. कंपनीचं वजन बघून त्या सरांचंच घेतील, असंही होईल. हसणं अजून ऐकू येतं, पॅकिंगची टेप फाडतानाही येतं. ते कधी थांबेल असं मला वाटत नाही.

येऊ दे. रविवारी मी तिन्ही दुरुस्त्या पुन्हा पाठवणार आहे, त्या ओळीसकट. त्या दुसऱ्या कोणाच्या नावावर आल्या, तर जितक्या वेळा येतील तितक्या वेळा भर यादीत उभी राहून अडवणार आहे.