पाण्यावर ढकललेलं दुखणं

वसईला पूर्वेला जे कोणी राहायला आले त्यांचे केस गळले, आणि प्रत्येकाने दोष बोअरिंगच्या पाण्याला दिला. माझेही गळले. परळची चाळ सोडून आम्ही एव्हरशाईन सिटीत आलो ते नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे. इमारत नवी होती, भिंतींच्या रंगाचा वास जात नव्हता, आणि नळाला येणारं पाणी इतकं जड की साबणाला फेस यायचा नाही आणि तुरीची डाळ शिजता शिजायची नाही. अशा पाण्यावर काहीही ढकलता येतं. मी तर सगळंच ढकललं.

कातडी कोरडी पडून खरखरीत झाली, ते पाण्याने. पोट साफ होईना, ते पाण्याने. सकाळी चेहरा सुजल्यासारखा दिसे आणि बांगड्या मनगटात रुतत, ते मात्र मी खाजणावरून येणाऱ्या खाऱ्या हवेच्या खात्यावर टाकलं. वजन वाढलं तेव्हा वरच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटून म्हणाल्या, "वसई मानवली हं तुम्हाला. सुखाचं अंग आहे." मी हसले. सुख अंगाला लागतं तसं ते आत कुठे जाणवत का नाही, हे विचारायचं राहून गेलं. त्याही घाईत होत्या.

दारावर भाजी घेऊन एक बाई यायची, जवळच्या जूचंद्र गावची. ती माझ्याकडे बघायची तरी. एकदा टोपली उतरवता उतरवता म्हणाली, "बाय, तुमचे बिल्डिंगचा पानीच खराब. आमचे गावचा पानी पी, बरी व्हशील." दुसऱ्या दिवशी तिने मेथीच्या जुड्यांखालून विहिरीच्या पाण्याची बाटली काढून दिली. मी ते पाणी पुरवून पुरवून प्याले. त्या पाण्याने काही झालं नाही, होणार तरी काय? पण त्या वर्षात कोणी माझ्यासाठी म्हणून काही आणलं असेल तर तेवढंच.

नवऱ्याचं ऑफिस चर्चगेटला. तो उजाडायच्या आत निघायचा आणि आला की जेवून आडवा व्हायचा. तक्रार करावी असं त्यात काही नव्हतं, जागा आम्ही दोघांनी मिळून घेतली होती. मूलबाळ नव्हतं. चाळीत कोणाचं दार दिवसा लागत नसे, इथे एकेका घराला दोन दोन दारं, एक लाकडाचं आणि एक जाळीचं. दुपारी तीनच्या सुमाराला मी पलंगाच्या कडेला बसायची ती तशीच बसून राहायची. उठून चहा टाकणं जिवावर यायचं. रडू यायचं, आणि कशाचं ते सांगता आलं नसतं. विचारायला कोणी नव्हतं म्हणून सांगायची वेळ आली नाही.

मे महिन्यात वीज गेली की सगळी इमारत जिन्यात येऊन पुठ्ठ्यांनी वारा घ्यायची. मी आत पांघरुणात. मला उकडायचंच नाही. मला वाटलं, आपण सोशिक झालो. मनातल्या मनात जरा कौतुकही केलं स्वतःचं.

शेवटी डॉक्टरकडे गेले ती टाचांसाठी. भेगांतून रक्त येऊ लागलं होतं, मलम घ्यावं म्हटलं. आमच्याच रांगेत तळमजल्यावर एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. माझ्याहून लहान, बोलायला तुटक. त्यांनी टाचांकडे ओझरतं पाहिलं आणि चेहऱ्याकडे बराच वेळ. नाडी धरून बसल्या. गळा चाचपला. मग एकामागून एक प्रश्न. थंडी वाजते का? पाळीला जास्त जातं का? विसरायला होतं? झोप झाली तरी थकवा राहतो? माझ्याजवळ प्रत्येकाचं उत्तर तयार होतं: पाणी, हवा, वय, नवी जागा.

"प्रत्येक गोष्टीला वेगळं कारण कशाला शोधता?" त्या म्हणाल्या. "सगळ्याचं मिळून एकच असेल. आवाज पहिल्यापासून असाच आहे का तुमचा? जाड?"

मी गडबडले. म्हटलं, "माहीत नाही."

"आपला आपल्याला नाही कळत. घरी विचारा." आणि रक्ताच्या तपासणीची चिठ्ठी लिहून दिली.

घरी विचारा. त्या सहज बोलून गेल्या. जेवायला वाढताना मी नवऱ्याला विचारलं, "अहो, माझा आवाज बदललाय का?" त्याने घास हातात धरून खरोखर विचार केला. उडवून लावलं नाही, हे सांगितलंच पाहिजे. मग म्हणाला, "नाही गं, असाच तर आहे. का?" मी म्हटलं, "काही नाही. आमटी घ्या."

दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या पीसीओवर गेले आणि चाळीतल्या शेजारच्या काकूंना फोन लावला. बारा वर्षं आमच्या दोघींच्या खोल्यांत एक लाकडी पार्टिशन होतं. मी शिंकले तरी त्या पलीकडून विचारायच्या.

"हॅलो काकू, मी बोलतेय."

"कोण हवंय आपल्याला?"

"काकू, मी."

"अहो भाऊ, राँग नंबर लागलाय," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी रिसीव्हर हातात धरून उभी राहिले. आधी हसूच आलं. पुन्हा लावला आणि या खेपेला आधी सगळा पत्ता सांगितला, तुमच्या बाजूची, वसईला गेलेली. मग, "अगं बाई! घसा बसलाय का तुझा? पुरुषमाणूस बोलतंय असं वाटलं मला."

"सर्दी नाही काकू. कधीपासून झालं तेच कळत नाही."

"असं कसं कळत नाही? घरात कोणी बोललं नाही?"

"घरात कोण असतं, काकू?"

 

तपासणीचा निकाल आला. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी मंदावली होती. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की शरीराचीच संरक्षण करणारी यंत्रणा कधी कधी चुकून या ग्रंथीवर उलटते, बायकांत हे जास्त दिसतं, आणि ग्रंथी मंदावली की सगळं शरीर मंद चालतं. नाडी, पोट, कातडी, केस, आवाज, सगळंच. रिपोर्टातला आकडा वाढलेला होता, मग ग्रंथी कमी काम करते असं कसं म्हणता, हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तो आकडा ग्रंथीचा नाही. मेंदू तिला कामाला लागण्याचा निरोप देतो, त्याचा आहे. ती ऐकत नाही, म्हणून तो जास्त जास्त हाका मारतो." सकाळी उपाशीपोटी एक गोळी, चहा त्यानंतर अर्ध्या तासाने, आणि ही गोळी बहुधा आयुष्यभर. पाण्याचा काही संबंध नाही.

"आणि उदास वाटणं?" मी विचारलं. "दुपारचं बसून राहणं, रडणं?"

"तेही यात येतं," त्या म्हणाल्या.

आयुष्यभराची गोळी पदरात पडली म्हणून आनंदाने घरी गेलेली बाई वसईत माझ्याशिवाय दुसरी नसेल. मला वाटलं, सुटले. म्हणजे मी एकटी नव्हते, मी आजारी होते! एकटेपणावर इलाज काय करायचा हे कोणाला ठाऊक, पण आजारावर ही पांढरी, मसुराएवढी गोळी होती. मी ती देवाचं तीर्थ घ्यावं तशी घ्यायची. एक दिवस चुकवली नाही. गळ्यातल्या त्या ग्रंथीवर मी माझा सगळा संसार, ते घर आणि त्या दुपारी ढकलून दिल्या, जसं आधी पाण्यावर ढकललं होतं.

गोळी लागू पडली, हळूहळू. आधी पोट सुधारलं. बांगड्या सैल झाल्या. मग एके दुपारी मला चक्क उकडलं आणि मी पंखा मोठा केला. टाचा भरल्या, केस विंचरताना फणीत पुंजका येईनासा झाला. पाणी तेच होतं, बोअरिंगचं. मध्ये डॉक्टरीणबाईंनी दोनदा गोळीची मात्रा वाढवली. शेवटच्या तपासणीचा कागद बघून त्या पहिल्यांदा मोकळं हसल्या. "एकदम छान. आवाजही उघडला तुमचा. आता काही त्रास?"

"दुपारचं अजून तसंच होतं," मी म्हटलं. "थकवा नाही. पण उदास वाटतं."

त्यांनी पुन्हा कागद पाहिला. "आता हे थायरॉइडचं नाही," त्या म्हणाल्या. चांगली बातमी सांगावी तसं म्हणाल्या. बाहेर बाकावर माणसं खोळंबली होती, म्हणून मी उठले.

घरी जाऊन मी मनाची समजूत घातली. म्हटलं, शरीर आधी बरं होतं, मन मागून येतं, थोडे दिवस जाऊ देत. नवऱ्याला रिपोर्ट दाखवला. "चला, सुटलो," तो म्हणाला, आणि त्यालाही खरंच हायसं वाटलं असणार.

त्यानंतरचा रविवार. तो बाहेरच्या खोलीत पेपर तोंडावर घेऊन पडला होता. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते, आणि मळता मळता माझ्या तोंडात गाणं आलं. मुद्दाम नाही. शाळेतलं, समूहगीतातलं. आवाज वर जाईल का म्हणून मी जरा भीत भीत वर नेला, तर तो गेला. स्वच्छ, बारीक, माझा. मी पुढचं कडवं घेतलं, थोडं मोठ्याने.

"ए," बाहेरून नवऱ्याचा झोपाळलेला आवाज आला, "तो रेडिओ जरा बंद कर गं."

रेडिओ लागलेला नव्हता. मी गाणं थांबवलं.

"केला," मी म्हटलं आणि कणकेवर ओलं फडकं टाकलं.