पेरिनकाकांनी आवळलेला ब्रेक

ब्रेक पेरिन एअर्सने बसवलेत एवढं सांगितलं की केंट परगणाभर कुणी पुढे काही विचारत नसे. सुट्टीवर जाणारे लोक चाकांवरच्या घराला कॅरव्हान म्हणतात. आम्ही फिरस्ते तिच्यात जन्मतो आणि मरतो, आम्ही तिला ट्रेलर म्हणतो. ट्रेलर बिघडला तर आम्ही गॅरेज शोधत नाही, माणूस शोधतो. ब्रेकसाठी माणूस एकच होता.

पेरिनकाकांची पद्धत साधी. चाक जॅकवर उचलायचं, मागचा बोल्ट पान्याने थोडाथोडा आवळायचा, चाक हाताने जोरात फिरवायचं आणि कान लावायचा. चाक अडवणारे आतले शूज चाकाच्या ड्रमला जेमतेम घासले, खुर्चीवरून रेशमी रुमाल सरकावा तेवढा आवाज आला, की हात थांबायचा. माप नाही, पट्टी नाही. कान.

त्या वसंतात काम त्यांच्या स्वतःच्याच ट्रेलरचं निघालं. १९६७चा ट्रेलर, कोरीव काचांचा. सिन्फायकाकू लग्न होऊन त्यातच आल्या. काकूंची छाती बिघडल्यापासून तो चेरीच्या बागेमागच्या गल्लीत अकरा वर्षं उभा होता. मग जागा सोडा म्हणून कौन्सिलची नोटीस आली. मी नऊ वर्षांची असताना शाळा सोडली, कायदा वाचनालयात बसून शिकले. त्यांच्यासाठी कोर्टात मीच उभी राहिले, न्यायाधीशाला तोंडावर सांगितलं, आधी कागद वाचा, मग मला गप्प करा. अठ्ठावीस दिवस मिळवले. शुक्रवारी दुपारी बाराच्या आत ट्रेलर काकूंच्या भावाच्या शेतावर, सहा मैलांवर, न्यायचा. नाही नेला तर कौन्सिल तो उचलणार आणि या दोघांना फ्लॅटमध्ये टाकणार.

"विटांच्या पोटात मी महिनाभर जगायची नाही," काकू म्हणाल्या. त्या अतिशयोक्ती करणाऱ्या बाई नव्हत्या.

अकरा वर्षं हँडब्रेक ओढलेला. शूज ड्रमला गंजून चिकटलेले. ट्रेलर ओढायला पिकअप घेऊन आलेला नेल्सन म्हणाला, "काका, काढून फेका ना ते शूज. सहा मैल तर जायचंय!"

"आणि उतारावर हे धूड तुझ्या मानगुटीवर बसलं की? तुझ्या आईला मी काय सांगू, पोरगं गेलं पण वेळेवर पोचलं?"

नेल्सनचे दोघे भाऊ खिदळले. काकांनी लाकडी हातोड्याने ड्रम ठोकत ठोकत सोडवले, आतली धूळ पाणी मारून बसवली, नव्या पट्ट्यांचे शूज घातले. बहात्तर वर्षांचा माणूस चिखलात उताणा पडून तीन दिवस खपला. शुक्रवारी साडेअकराला उजवं चाक झालं. डावं राहिलं.

त्यांनी बोल्ट आवळला, चाक फिरवलं, कान लावला. मी दोन हात अंतरावर उभी होते. मला घासल्याचं स्पष्ट ऐकू आलं. ते म्हणाले, "अजून मोकळंय." आणखी आवळला. आता आवाज रुमालाचा नव्हता, खरवडल्याचा होता. काकांनी पुन्हा कान लावला, पुन्हा पाना उचलला.

तेव्हा मला कळलं. वर्षभर ते सगळ्यांना "काय?" का विचारतात, काकूंशी बोलताना त्यांच्या ओठांकडे का बघतात. सगळं एकदम कळलं.

"काका, घासतंय," मी म्हणाले. हळूच म्हणाले.

नेल्सनने माझ्याकडे डोळे वटारले. "मेंटी, तू आता पेरिनकाकांना ब्रेक शिकवणार? कोर्ट संपलं ना तुझं?" भाऊ पुन्हा खिदळले. काकांनी शेवटचा पाव फेरा दिला आणि पाना पुसला.

न्यायाधीशासमोर न झुकणारी मी, त्या तिघांसमोर म्हाताऱ्याला बहिरा म्हणू शकले नाही. एवढंच माझं शौर्य.

पावणेबाराला निघालो. काकू माझ्या गाडीत, मांडीवर चिनीमातीच्या बशांची टोपली. चौथ्या मैलावर उतार लागला. नेल्सनने ब्रेक दाबला आणि ट्रेलरच्या घासून तापलेल्या डाव्या चाकातून निळसर धूर निघाला. मी हॉर्न वाजवत राहिले. तो थांबेपर्यंत टायर पेटला होता. जुनं लाकूड, साठ वर्षांचं वॉर्निश. बंब यायच्या आत काचा तडकून खाली पडल्या.

आमच्यात ट्रेलर जाळतात तो त्यात राहणारा माणूस गेल्यावर. काकू जिवंत होत्या. रस्त्याकडेला उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी टोपली खाली ठेवली, बशा एकेक उचलल्या आणि फोडल्या. मेलेल्याच्या बशा कुणी वापरत नाही, म्हणून आम्ही त्या फोडतो. मी हात धरायला गेले तर माझ्याकडे बघितलं नाही.

कौन्सिलच्या कागदावर नोंद झाली: जागा मुदतीत, स्वेच्छेने सोडली. मी तो कागद चार वेळा वाचला. कायद्याने त्यात एक चूक नाही.

भावाच्या शेतावर ट्रेलर उभा करायची परवानगी होती, ट्रेलरशिवाय नुसती माणसं राहायची नव्हती. दोघांना दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मिळाला. काकू तिथे सतरा दिवस काढून गेल्या. डॉक्टरांनी दाखल्यावर कारण छाती लिहिलं.

काकूंना पुरल्यानंतर मी फ्लॅटवर काकांसमोर बसले आणि त्यांना दिसेल असं तोंड उघडून बोलले. "काका, त्या दिवशी मला ऐकू आलं होतं. मी ओरडून सांगायला हवं होतं."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "तुझे ओठ हललेले मला दिसले होते."

"मग पाना खाली का नाही ठेवलात?"

"ती पोरं बघत होती."

बाहेर जिन्यात कुणाचं तरी सामान चढत होतं, भिंतीला आपटत होतं. त्यांना ते ऐकू येत नव्हतं. मी उठले नाही, तेही उठले नाहीत.