नरसूभाऊ काय बघून शिकले

भर दुपारी तापाच्या ग्लानीत डोळे मिटतात आणि पलंगाच्या पायथ्याशी नरसूभाऊ मगदूम बसलेले दिसतात. यंत्रमाग कामगारांचे पुढारी, पुढे आमदार. गेल्या श्रावणात ते गेले. त्यांच्या आयुष्यावर मी मानसशास्त्राचा प्रबंध लिहितेय.

"काय लिवलंस, वैजयंता?"

"माणूस दुसऱ्याचं बघून शिकतो, भाऊ. एकदा जमलं की स्वतःवर विश्वास बसतो, मग तो भोवतालची परिस्थिती बदलायला धजतो. तुमच्या आईनं भर कारखान्यात मालकाला जाब विचारला, ते तुम्ही लहानपणी पाहिलंत. तुमचं धाडस तिथलं."

भाऊ हसत नाहीत. "त्याच्या फुडचं?"

खोलीत माग खडखडू लागतात. भिंतींवर कापसाचं तूस चढलंय. मालकाची माणसं एका बाईला केसाला धरून फरफटत नेतायत. सगळे कामगार माना खाली घालून उभे. मागाआडून लहानगे भाऊ बघतायत. आईकडे नाही, त्या खाली गेलेल्या मानांकडे.

"ह्ये शिकलो मी," शेजारी उभे असलेले म्हातारे भाऊ म्हणतात. "एकाला समद्यांदेखत मारलं की बाकीचे आपोआप वाकत्यात."

शेडच्या दारातून बाहेर पडावं तर समोर युनियनच्या ऑफिसचं अंगण. संप मोडून कामावर गेलेला बापू हावळ मातीत पालथा पडलाय. भोवती कामगार, गप्प. आता भाऊंच्या हातात पट्टा आहे.

"बापू जिन्यावरून पडून मेला, असं मुलाखतीत सांगितलं होतंत तुम्ही मला."

"सांगितलं हुतं."

मी तोंड फिरवते. भाऊ माझं मनगट घट्ट धरतात. "मान खाली घालू नगंस. तिकडं बग."

ओसरीवर त्यांचा मुलगा उभा आहे. संग्रामदादा, आताचे आमदार; तेव्हा कॉलेजात असतील. चेहऱ्यावर भीती नाही, रागही नाही. एकाग्र.

"थांबा म्हणंल, म्हणून वाट बगत हुतो त्याची," भाऊ म्हणतात. "एवढं म्हणाला असता तर पट्टा टाकला असता मी. त्यो खाली उतरला. म्हणाला, आण्णा, दमलासा. द्या हिकडं."

संग्रामदादा हात पुढे करतात. बापूची बोटं मातीत हलतात.

"लिवशील ह्ये?"

"संग्रामदादा आहेत अजून, भाऊ."

"म्हणून तर इचारतोय."

मी मनगट सोडवून घ्यायला बघते. जाग येते तेव्हा पंखा बंद आहे, उशी घामानं भिजलीय. उजवा हात जड वाटतो म्हणून उजेडात धरते. मनगटावर चार बोटांचे लाल वळ आहेत, आतल्या बाजूला अंगठ्याचा.

दाबलं की दुखतंय.